अंजिराचं पुढे काय झालं?

जळगाव,
रविवार, दुपार

प्रिय हेमू,

पाकीट बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघासुद्धा हल्ली कुरकुरत नाही, आणि आपल्यातलं कुणी गेलेलंही नाही. बातमी आहे, मोठी आहे, आणि मला ती पोटात ठेवणं आता शक्य नाही. फोनवर सांगायला मी दोनदा सुरुवात केली. एकदा तू म्हणालीस, "आई, पटकन सांग, मीटिंग आहे," आणि एकदा स्वप्नीलरावांनी मधेच फोन घेऊन माझ्या गुडघ्याची चौकशी केली. ही गोष्ट पटकन सांगण्यासारखी नाही ग. मधे कुणी तोडलं की मला पुन्हा पहिल्यापासून धीर गोळा करावा लागतो. म्हणून कूलरसमोर टेबल ओढून बसलेय. बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय, गल्लीत कुत्रं नाही. तानुबाई भांडी घासता घासता डोकावून गेली आणि म्हणाली, "बाई, पेपर तपासताय का?" शाळा सोडून एवढी वर्षं झाली, तरी माझ्या हातात पेन दिसलं की तिला भूगोलाचे गठ्ठेच आठवतात.

तुला आपली 'गच्चीबाग' माहीत आहे. तू तिला 'आईचं राज्य' म्हणतेस. कुंडीत भाज्या, फुलं, फळं लावणाऱ्यांचं ते संकेतस्थळ पुण्याच्या एका मुलाने काढलं, मग त्याला कंटाळा आला, आणि "काकू, तुम्हीच कायम इथे असता" म्हणत त्याने किल्ल्या माझ्या हातात दिल्या. तेव्हापासून मी तिथली हेडबाई. एक नियम मी फार कडक पाळायला लावायची: दोन वर्षांपेक्षा जुना धागा वर काढायचा नाही. तुला हे विचित्र वाटेल, म्हणून समजावून सांगते. तिथे कुणी एक प्रश्न विचारला की त्याचा धागा होतो, खाली लोक उत्तरं लिहितात, आणि हळूहळू तो मागच्या पानांवर जातो. पण दहा वर्षांनी कुणी त्यात एक ओळ जरी लिहिली, तरी तो टुणकन पहिल्या पानावर येतो. मग तारीख कोण बघतंय? एकीने कधीकाळी विचारलं होतं, उद्या बाळाचं बारसं आहे, दारातलं झेंडूचं तोरण किती टिकेल. कुणीतरी तो धागा वर काढला आणि लोकांनी तिला बाळाच्या शुभेच्छांनी न्हाऊ घातलं. बाळ तेव्हा दुसरीत होतं! दुसऱ्या एका धाग्यात शेणाची स्लरी चांगली की युरिया, यावरून दोघं पूर्वी हमरीतुमरीवर आले होते. मग त्यांचं मिटलं, एकमेकांच्या घरी जेवायला जायला लागले. तो धागा कुणीतरी उकरला, आणि ते दोघं पुन्हा नव्या दमाने भांडले. म्हणून नियम. नवीन प्रश्न असेल तर नवीन धागा, जुन्याला हात लावायचा नाही. मी असंच सगळ्यांना सांगायची, आणि स्वतःलाही.

गेल्या पावसाळ्यात 'पांझराकाठ' नावाचे एक सदस्य आले. पांझरा ही धुळ्याची नदी, म्हणजे हे धुळ्याचे, एवढं कळलं. आल्या आल्या त्यांनी सगळ्यात मागच्या पानावर जाऊन भडगावच्या कौतिकभाऊंचा धागा वर काढला. लिंबू फुलतं पण फळ धरत नाही, अशी त्यांची बारा-तेरा वर्षांपूर्वीची तक्रार होती. त्याखाली यांनी लिहिलं, "कौतिकभाऊ, रामराम. लिंबाला फळ धरलं का?" बस्स, एवढंच. मी लगेच माझी ठरलेली सूचना डकवली. तर यांचं उत्तर आलं, "मॅडम, नियम वाचला, चांगला आहे. पण मी नवीन प्रश्न विचारत नाहीये. जुन्याच प्रश्नाची खुशाली विचारतोय. तिच्यासाठी नवा धागा कसा काढू?" हेमू, मला उत्तर सुचेना. उत्तर सुचलं नाही की मी काय करते ते वर्गातल्या मुलींना विचार. मी धाग्याला कुलूप लावलं.

तर हे पुढच्या धाग्यावर. साताऱ्याच्या बाईंचा कढीपत्ता, संगमनेरच्या कुणाची द्राक्षवेल, नागपूरच्या एका डॉक्टरांचं रामफळ. सगळीकडे तोच प्रश्न: पुढे काय झालं? मी कुलपं लावत सुटले, म्हणजे पुढे कुणाला तिथे लिहिताच येऊ नये. आमचं हे असं श्रावणभर चाललं. सदस्यांना तर रोजची करमणूक झाली, निम्मे त्यांच्या बाजूने आणि निम्मे माझ्या. आणि एके दिवशी मला कौतिकभाऊंचा खाजगी निरोप आला, "मॅडम, कुलूप काढा. माले सांगनं शे." मी कुलूप काढलं. त्यांनी फोटो टाकला. कमरेवर हात ठेवून उभे आहेत आणि मागे लिंबाचं एवढं थोरलं झाड, पिवळ्या लिंबांनी लगडलेलं! खाली लिहिलं होतं, फळ धरलं, अख्ख्या गल्लीला पुरतं, पण हे सांगायचं कुणाला ते कळत नव्हतं. काय सांगू तुला, मी एकटीच टाळ्या वाजवल्या. तानुबाई धावत आली, काय झालं म्हणून. मग एकेक उत्तर यायला लागलं. संगमनेरची वेल काढून टाकावी लागली, घर विकलं. साताऱ्याचा कढीपत्ता आता तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलाय. काही चांगल्या बातम्या, काही वाईट, पण मी सकाळी दात घासायच्या आधी टॅबलेट उघडून बघायची, आज कुणाचं काय झालं. वरून मात्र मी सूचना डकवतच होते. हेडबाईचा तोरा सोडवत नव्हता.

आता जे सांगते ते मी तुला कधी सांगितलेलं नाही. तुझे बाबा गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत, मी तिथे 'गच्चीवाली' नावाने साधी सदस्य होते तेव्हा, आम्ही दोघांनी एक धागा काढला होता. 'अंजिराची फळं पिकण्याआधी गळतात.' तो निळ्या ड्रममधला अंजीर आठवतो ना? बाबांनी कारखान्यातून अर्धा कापलेला ड्रम आणला होता. मी टाइप करत होते आणि ते मागे चहाचा कप घेऊन उभे. म्हणाले, "लिही, ड्रम निळा आहे." मी म्हटलं, "रंगाचा काय संबंध?" म्हणाले, "तू लिही ग, माहिती पूर्ण असावी." तसंच लिहिलं, 'नवलसाहेब सांगतात की ड्रम निळा आहे.' नंतर संक्रांतीच्या आधी काय झालं ते तुला माहीत आहे. त्या धाग्यावर मी परत कधी गेले नाही. उत्तरं आली होती की नाही, तेही बघितलं नाही.

भाद्रपदात एका सकाळी पहिल्या पानावर सगळ्यात वर तो धागा. खाली पांझराकाठ: "गच्चीवालीताई, अंजिराचं पुढे काय झालं? साहेबांनी ड्रमला खालून भोकं पाडली होती का?"

गॅसवर चहा होता, तो उतू जाऊन गॅस विझला, मला कळलं नाही. मी धाग्याला कुलूप लावलं. मग त्यांचं खातंच बंद केलं. तिथे कारण लिहायची एक चौकट असते, रिकामी सोडता येत नाही. मी त्यात एक टिंब टाकलं. दुसऱ्या दिवसापासून विचारणा सुरू. कौतिकभाऊंनी तर सगळ्यांसमोर लिहिलं, "त्या भाऊले का बरं काढी टाकं?" मी कुणालाच उत्तर दिलं नाही. दोन-चार दिवस गच्चीवर गेले नाही, भेंडी वाळून गेली. मग एका दुपारी दार लावून घेतलं आणि तो धागा पहिल्या ओळीपासून वाचला. हेमू, किती लोकांनी लिहिलं होतं ग! पाणी कमी घाला, माती बदला, ड्रमचा निळा रंग ऊन ओढतो, नवलसाहेबांनी रंग सांगितला ते बरं केलं. रंगाचा संबंध होता बघ! आणि अगदी शेवटी कुणीतरी लिहिलं होतं, 'साहेबांना सांगा, थंडी सरली की छाटणी करा, पुढच्या वर्षी फळं नक्की पिकतील.' त्यावरची तारीख बाबांच्या तेराव्याच्या आसपासची होती. मी खूप रडले. आणि तेव्हा मला समजलं, की तो दोन वर्षांचा नियम मी संकेतस्थळासाठी केलाच नव्हता. हा एक धागा कुणी वर काढू नये, म्हणून बाकीच्या हजारो धाग्यांना मी हात लावू देत नव्हते.

संध्याकाळी मी त्यांना ईमेल लिहिला. 'अंजीर त्याच उन्हाळ्यात वाळला. मला गच्चीवर जाववत नव्हतं. साहेब त्याच्या आधीच गेले. भोकं त्यांनी पाडली होती. ड्रम मी आमच्या तानुबाईला दिला, तिने भोकं बुजवून त्यात पाणी भरायला सुरुवात केली, अजून भरते.' एवढं लिहून पाठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की हे मी कुणाला तरी सांगितलं. उत्तर आलं, "ताई, वाचलं. दुसऱ्याचा धागा वर काढण्याआधी त्याला खाजगीत विचारायला हवं, एवढं मला सुचायला हवं होतं. माझं चुकलं. तुम्ही सांगितलंत, ते मी जपून ठेवीन." त्यात 'देवाची मर्जी' नव्हती, 'सावरा स्वतःला' नव्हतं. तुझ्या बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्याशी एवढं नीट कुणी बोललं नव्हतं.

मग मी विचारलं, तुम्ही आहात तरी कोण, आणि लोकांच्या झाडांची एवढी उठाठेव का? त्यांचं नाव अमृतलाल, सगळे त्यांना शेठ म्हणतात. धुळ्याला आग्रा रोडवर बियाण्यांचं दुकान, आता मुलगा अखिल बघतो. म्हणाले, जन्मभर बी विकलं. ज्यांचं उगवलं नाही ते भांडायला परत यायचे, ज्यांचं उगवलं ते कधीच सांगायला आले नाहीत. त्यांच्या पत्नी लाडकुंवरबाई दुपारी दुकानात बसायच्या आणि गिऱ्हाइक गेल्यावर हमखास म्हणायच्या, "काय झालं असेल हो त्या बाईच्या दोडक्यांचं?" त्या गेल्या, आणि तो प्रश्न यांच्याकडे राहिला. दुकानातल्या गिऱ्हाइकांचे पत्ते कुठून आणणार? सुनेने, जिनलने, गच्चीबाग उघडून दिली. तिथे यांना पानंच्या पानं अर्धवट राहिलेले प्रश्न सापडले.

मी त्यांचं खातं सुरू केलं, आणि आम्ही दोघांनी मिळून नवा नियम लिहिला. फोनवर भांडून भांडून लिहिला. जुना धागा वर काढायचा तर वर ठळक अक्षरात साल लिहायचं. ज्याचा धागा त्याला आधी खाजगीत विचारायचं, आणि त्याचं उत्तर आलं नाही तर गप्प राहायचं. जुनी भांडणं उकरायची नाहीत. आपला स्वतःचा धागा मात्र कितीही वर्षांनी वर काढायची मुभा. गप्प राहण्याचं कलम मी घातलं, स्वतःच्या धाग्याचं त्यांनी. नियम लावला त्या दिवशी पहिला जुना धागा मीच वर काढला, अंजिराचा. सगळं लिहिलं. तू कधीतरी वाच. बाबांचं निळ्या रंगाचं वाक्यही तिथे आहे.

थंडीत मेहरूण तलावाजवळ आम्ही सदस्यांनी भरीत पार्टी केली. मी मनात उंच, शांत, सावकाश बोलणारे गृहस्थ धरले होते. बसमधून उतरले ते माझ्या खांद्याएवढे आणि आवाज असा की तलावावरचे बगळे उडाले! वांगं खात नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत. सगळे भरितावर तुटून पडलेले आणि हे घरून आणलेल्या पुऱ्या दह्याबरोबर खात, प्रत्येकाला विचारतायत, तुमच्या त्या पेरूचं काय झालं. मला इतकं वाईट वाटलं, की पुढच्या वेळी जिनलबरोबर घरी आले तेव्हा मी बिनकांद्याची, बिनलसणाची शेवभाजी केली. तुला काय सांगू, तिला चवच नव्हती. जिनलने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. यांनी दोनदा वाढून घेतली.

त्यानंतर आम्ही तिघं भटकायला लागलो. जिनल गाडी चालवते, हे पुढे बसतात, मी मागे. भडगावला कौतिकभाऊंचं लिंबू बघितलं, झाडाला हात लावून आले. फाल्गुनात पाचोऱ्याला एका बाईंचा चाफा बघायला गेलो होतो. परतताना स्टेशनजवळ उसाच्या रसाला थांबलो. जिनल म्हणाली मला टायरमधली हवा बघायचीय, आणि गेली. टायरमध्ये हवा चांगली होती. शेठनी ग्लास खाली ठेवला, आणि त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज एवढुसा झाला. म्हणाले, "प्रमिलाताई, ते 'ताई' म्हणणं आता सोडावं म्हणतो. चालेल का?" मी रसाच्या चरकाकडे बघत बसले. चोवीस वर्षांच्या मुलीसारखे माझे कान गरम झाले, हेमू! म्हटलं, "विचार करून सांगते." तर म्हणाले, "नाही म्हणा, हो म्हणा, पण सांगा मात्र. लोक सांगायला येत नाहीत."

मी पुढच्या आठवड्यात स्वतः धुळ्याला जाऊन सांगून आले. एसटीने गेले, एकटी. हो म्हणून सांगितलं.

तुझा मामा, रूपचंदभाऊ, बातमी कळताच भडगावहून तसाच माझ्या दारात. चप्पलसुद्धा न काढता ओरडला, "तुनं डोकं ठिकाणावर शे ना? या वयमा? बठ्ठा काय म्हनतीन?" लहान भाऊ असता तर मी गप्प केला असता, पण भाऊ मोठा आहे, मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "भाऊ, बाकीचे काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. तू काय म्हणतोस?" तो पाणी पिऊन निघून गेला. नंतर शेठ एकटेच त्याच्याकडे मळ्यात गेले. काय बोलले देव जाणे. मला नुसता भाऊचा फोन आला, "मानूस वाईट नही शे. आवाज मोठा शे, पन वाईट नही." अखिल मात्र अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. त्याच्या आईची खुर्ची दुकानात तशीच आहे, त्यावर मी कधी बसणार नाही, हे मी त्याला सांगितलंय. त्याला वेळ लागेल, लागू दे. जळगावला राहायचं की धुळ्याला, यावर आमचं भांडण सुरू आहे. मी माझी गच्ची सोडणार नाही आणि ते त्यांची पांझरा.

पत्र लिहायचं कारण आता सांगते. बाबांवर तुझा किती जीव होता ते मला माहीत आहे, म्हणून हे तुला सांगायला मी सगळ्यात जास्त घाबरले, आणि म्हणूनच तू सगळ्यात शेवटी आहेस. राग आला तर ये, समोर बसून भांड, पण ये. पुढच्या महिन्यात दुसऱ्या सोमवारी आमचं नोंदणी लग्न आहे, नोटीस लागलेली आहे. तीन साक्षीदार लागतात. एक रूपचंदभाऊ, दुसरी जिनल. तिसरं नाव काय लिहू, म्हणून कारकुनाने विचारलं. भाऊ म्हणाला, माझ्या मुलाचं टाका. मी म्हटलं, थांबा, आणि तुला न विचारता तुझं नाव सांगितलं. सही तू करायची की नाही ते तू ठरव, कारकून म्हणाला की ऐन वेळी बदलता येतं. पण दोन दिवस आधी ये ग. सोबत आधार कार्ड आण. तुझ्यासाठी साडी मी घेतलेली नाही, माझी निवड तुला कधीच आवडली नाही. आपण दोघी बाजारात जाऊ. मलाही एक घ्यायची आहे, आणि ती तू निवडायची आहेस.

तुझीच,
आई